84 तबकड्या, 158 बाजू : लाखेच्या जुन्या रेकॉर्ड संगणकावर घेताना

2 मार्च 2025 ला पुण्याच्या नारायण पेठेतला एक वाडा पाडायला घ्यायच्या आधी तिथून पत्र्याच्या दोन ट्रंका ताब्यात आल्या. आत 84 तबकड्या, सगळ्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या. बहुतेक नाट्यगीतं, थोडी भावगीतं, काही ख्याल-ठुमरी. 14 डिसेंबरला त्यातली शेवटची फाइल चढवून झाली. मधल्या नऊ महिन्यांत काय करावं लागलं, कुठे अडलं आणि किती पैसे गेले ते सगळं इथे लिहितोय. पुण्यात अशा ट्रंका अजून कितीतरी माळ्यांवर आहेत, आणि वाडा पडतो तेव्हा पहिल्यांदा त्याच रद्दीत जातात.

सगळ्यात आधी एक विनंती. घरात चावीचा ग्रामोफोन असला तरी "एकदा लावून तर बघू" म्हणून त्यावर काही लावू नका. भोंग्याच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स 100 ग्रॅमहून जास्त भार टाकतो. सुई पोलादी असते. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असते ती याचसाठी, की पहिल्या काही फेऱ्यांतच सुई घासून खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणून त्या काळी प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. जुनी सुई परत वापरली की ती खाचेच्या भिंती खरवडते. उजेडात तिरकी धरल्यावर तबकडी काळीभोर चमकण्याऐवजी राखाडी दिसली, तर तिच्यावर हेच झालंय असं समजायचं.

वाड्यातून आणताना एक चूक आधीच झालेली सापडली. ट्रंकेत 10 इंची तबकड्यांच्या थप्पीवर 12 इंची ठेवल्या होत्या. वरच्यांच्या कडांना खालून आधार नाही, त्यामुळे तीन फुटलेल्या निघाल्या. एक 10 इंची तबकडी साधारण 200 ग्रॅमची असते, म्हणजे 84 चा भार सतरा-अठरा किलो होतो. एकाच खेपेत नेऊ नका आणि आडव्या तर अजिबात रचू नका. भाज्यांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये मध्ये पुठ्ठे घालून उभ्या भरल्या तर रिक्षातून नीट येतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र ठेवू नयेत, मार्चच्या दुपारीसुद्धा लाख मऊ पडून तबकडी वाकते.

घरी आल्यावर छाननी. कुंभारवाड्यात माठ घेताना जसा टिचकी मारून बघतात, तसंच इथेही करायचं. तबकडी मधल्या भोकात बोट घालून अधांतरी धरायची आणि कडेला नखानं हलकी टिचकी मारायची. सलग असेल तर टणत्कार येतो, केसभर तडा असला तरी आवाज बद्द येतो. डोळ्यांना न दिसलेले दोन तडे असेच सापडले, दोन्ही थेट लेबलपर्यंत गेलेले. तीन फुटक्या आणि या दोन बाजूला ठेवल्यावर 79 उरल्या. म्हणजे 158 बाजू.

धुणं मार्च-एप्रिलमध्ये उरकलं ते मुद्दाम. या दोन महिन्यांत पुण्याची हवा कोरडी असते, तबकडी सावलीत अर्ध्या तासात वाळते. जुलैत तेच काम केलं असतं तर कागदी लेबलं दिवसभर ओली राहिली असती आणि बुरशीला निमंत्रण मिळालं असतं.

धुण्याबद्दल इंटरनेटवर जे सल्ले मिळतात त्यातले बहुतेक व्हिनाइलच्या एलपीसाठी असतात, आणि त्यात हमखास आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. ते इथे चालणार नाही. सुतार फर्निचरला पॉलिश करतो तेव्हा चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. तबकडीतली लाखही त्याच जातीची आहे. अल्कोहोलचा बोळा फिरवला की खाचेची धार विरघळून जाते, आणि ती परत येत नाही. सॅनिटायझर, कोलीन, काच पुसायचे वाइप्स, सगळं त्याच यादीत.

मी वापरलेलं मिश्रण असं: एक लिटर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानातलं चालतं) आणि त्यात 5 मि.ली. नॉन-आयोनिक डिटर्जंट. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. भांड्यांचा साबण नको, त्यातला वास आणि रंग खाचेत बसून राहतो. आधी मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची, पांढरी बुरशी दिसली तर मास्क लावून गॅलरीत. मग लेबलावर रबरी कड असलेलं डब्याचं झाकण दाबून धरायचं, ब्रश मिश्रणात बुडवून खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. दोनदा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं खळबळायचं आणि लगेच भांडी निथळायच्या जाळीत उभी करायची. भिजत घालायची नाही. एका तबकडीला दोन्ही बाजू मिळून बारा ते पंधरा मिनिटं लागतात.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. कोलंबिया कंपनीच्या काही तबकड्या थरांच्या असतात, मधला गाभा भरड आणि वर गुळगुळीत पापुद्रा. अशा तबकडीची कड टवका उडालेली असेल तर पाणी आत झिरपतं आणि पृष्ठभागाला फोड येतो. कड फुटलेली प्रत्येक तबकडी मी नुसत्या ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्यानंच पुसली. साफ कमी झाली, पण शाबूत राहिली.

आता यंत्र. 78 फेरे देणारा टर्नटेबल लागतो आणि हल्लीचे बरेच टर्नटेबल फक्त 33 आणि 45 देतात, म्हणून घेण्याआधी बघा. मी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी120 वर्गातला वापरलेला टर्नटेबल 22,000 ला घेतला. त्याला तिन्ही वेग आहेत, शिवाय वेग कमी-जास्त करायची पट्टी आहे. तिचा उपयोग पुढे येईल. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी टर्नटेबल दिसतात, पण मोटरचा पट्टा आणि टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) बेअरिंग जागेवर तपासता येत नाही. तिथून तबकड्या घ्या, यंत्र घेऊ नका असं माझं मत आहे.

सुई मात्र नवीच हवी आणि वेगळी हवी. एलपीच्या सुईचं टोक साधारण 0.7 मिलचं असतं. 78 च्या रुंद खाचेला 3 मिलचं लागतं, एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी, जिथे सगळा कचरा साठलेला असतो, तिथे लोळत जाते आणि फक्त खरखर ऐकू येते. व्हीएम95 कार्ट्रिजला (दांड्याच्या टोकाचा, सुई बसते तो भाग) बसणारी 3 मिलची सुई 4,600 ला मिळाली. तिचा भार 5 ग्रॅम ठेवायचा. एलपीची सवय असलेल्यांना हा आकडा फार वाटेल, पण कमी भारावर सुई खाचेत उड्या मारते आणि त्यानंच जास्त झीज होते.

साठ-पासष्ट तबकड्यांचं या सुईनं भागलं. उरलेल्या झिजलेल्या होत्या. त्यांच्यासाठी थोड्या वेगळ्या मापाची, टोक सपाट कापलेली सुई लागते, म्हणजे ती भिंतीला जुन्या पोलादी सुया जिथे घासल्या त्याच्या वर किंवा खाली टेकते आणि तळाला लागत नाही. 2.8 मिलची अशी सुई इंग्लंडहून मागवली. किंमत 8,200. ऑर्डर 21 जुलैला दिली, हातात आली 19 ऑगस्टला, आणि त्यातले नऊ दिवस कस्टममध्ये गेले. कारण विक्रेत्यानं बिलावर वस्तूचं नाव नुसतं "सुटे भाग" लिहिलं होतं. कुरिअर कंपनीनं आधी केवायसी मागितलं (आधार आणि पॅन), मग पैसे भरल्याचा पुरावा, मग वस्तू काय आहे याचं पत्र. पत्रात टर्नटेबलची सुई, एक नग, घरगुती वापरासाठी, विक्रीसाठी नाही असं लिहून उत्पादनाच्या पानाची प्रिंट जोडली. ग्रामोफोनच्या सुया आणि कार्ट्रिज कस्टमच्या वर्गवारीत 8522 या शीर्षकाखाली येतात, तो आकडा पत्रात टाकल्यावर पुढची विचारणा आली नाही. शुल्क, कर आणि कुरिअरची हाताळणी मिळून 3,650 भरले. तुम्ही मागवाल तेव्हा विक्रेत्याला आधीच ईमेल करून बिलावर वस्तूचं पूर्ण नाव, नग, किंमत आणि हा आकडा लिहायला सांगा. केवायसीचा मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर द्या, कारण काही दिवसांनंतर गोदामाचं भाडं चढायला लागतं.

सुई येईपर्यंत वेगाचा अभ्यास झाला. या कामात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच.

78 हा आकडा लेबलावर असला तरी विजेवरच्या मुद्रणाआधी, म्हणजे गायक माइकऐवजी भोंग्यात गात त्या काळात (ढोबळमानानं 1925 पूर्वी), ध्वनिमुद्रण सरसकट 78 वर होत नव्हतं. 74-75 वर केलेलंही असतं, 80 वर केलेलंही. आता 74 वर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजवली तर आवाज जवळजवळ एक पट्टी चढतो. पांढरी एकमध्ये गायलेला गळा काळी एकमध्ये ऐकू येतो, ताना घाईच्या वाटतात, आणि आपण म्हणतो की त्या काळचे लोक फार द्रुत गायचे, आवाज फार पातळ असायचे. तो गायकाचा दोष नसतो.

आधी यंत्राचा वेग पक्का करायचा. त्यासाठी 77 रेघांची कागदी स्ट्रोब तबकडी (लुकलुकत्या उजेडात वेग तपासायची) छापून घेतली. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. 77 रेघा स्थिर दिसल्या की वेग 77.92. अमेरिकेची स्ट्रोब तबकडी 60 हर्ट्झसाठी 92 रेघांची असते, ती इथे चुकीचं सांगते. अडचण अशी की चांगला एलईडी दिवा लुकलुकतच नाही, रेघा नुसत्या धुरकट दिसतात. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून वीस रुपयांचा निऑन इंडिकेटर आणून त्याच्या नारिंगी उजेडात बघितल्यावर रेघा थांबल्या. हे मोजताना सुई चालू तबकडीवर टेकवलेली असायला हवी, कारण 5 ग्रॅमच्या ओढीनं वेग किंचित पडतो.

विजेवर मुद्रित झालेल्या तबकड्या एवढ्यावर बरोबर येतात. त्याआधीच्या अकरा होत्या, आणि त्यांच्याबाबतीत कानच वापरावे लागले. त्यातल्या एका बाजूचं सांगतो. लेबल अर्धं उडालेलं, आवाज भोंग्यात गायलेला, साथीला ऑर्गन आणि सारंगी. 78 वर षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधेमधे पडत होता. ऑर्गनला अधलामधला सूर वाजवता येत नाही, त्यामुळे वेग कुठेतरी चुकतोय हे नक्की. टर्नटेबलची वेगाची पट्टी हळूहळू खाली आणली. 76 च्या किंचित खाली षड्ज काळी एकवर बसला. 80 जवळ नेला तर पांढरी दोनवरही बसला असता. दोन्हीपैकी कोणता खरा हे गाण्यावरून ठरेना. ठरलं ते शेवटच्या तीन सेकंदांत. गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते. सुरुवातीच्या काळात मूळ प्रती जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जात, आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही पद्धत पडली. 1902 मध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजाननं मुद्रण केलं तेव्हापासूनची ही खूण आहे. 80 वर ते नाव लहान मुलीनं घाईघाईत सांगितल्यासारखं येत होतं. 76 वर एका बाईचा शांत, थोडा दमलेला आवाज आला, आणि नावातला शेवटचा "बाई" स्पष्ट कळला. गाण्याचा वेग ओळखायला बोलण्याचा आवाज इतका उपयोगी पडेल असं मला आधी वाटलं नव्हतं.

तरीही हा अंदाजच. त्या काळचे ऑर्गन आजच्या पट्टीशी तंतोतंत जुळवलेले असतील असं धरता येत नाही. म्हणून फाइलच्या नोंदीत "वेग 75.8, कानानं ठरवलेला" असं लिहिलं. पुढे कोणाला वेगळं पटलं तर त्याला परत फिरवता यावं.

ध्वनिमुद्रणाची साखळी साधी होती. टर्नटेबलमधून 13,500 च्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, तिथून यूएसबीनं संगणकात, ऑडासिटी या सॉफ्टवेअरमध्ये. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ. तबकडी मोनो असली तरी घेताना स्टिरिओच घ्या. खाचेच्या दोन भिंती म्हणजे दोन चॅनल, आणि बऱ्याचदा एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. दोन्ही चांगल्या असतील तर बेरीज करायची, त्यानं वर-खाली हलण्याची खरखर बरीच कापली जाते. एक वाईट असेल तर सरळ सोडून द्यायची. पातळी अशी ठेवा की गाण्याचा सगळ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील, कारण खडखडाटाचे टोले त्याच्या वर जातात.

इक्वलायझेशन, म्हणजे वरचे-खालचे सूर ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करणं, हा पुढचा खड्डा. टर्नटेबलच्या आतला प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आरआयएए नावाचा ठरावीक वक्र लावतो, जो 1954 च्या सुमारास सर्वमान्य झाला. त्याआधीच्या तबकडीला तो लावला की 10 किलोहर्ट्झजवळचा आवाज जवळपास 14 डेसिबलनं खाली जातो. "जुनी रेकॉर्ड आहे, दबकीच वाजणार" असं आपण म्हणतो, पण दाबलेला असतो तो वक्रानं. मी सगळ्या फाइलींवर तो वक्र उलटा लावून काढून टाकला. विजेवरच्या एचएमव्ही तबकड्यांना खालच्या बाजूला 250-300 हर्ट्झचा टर्नओव्हर (ज्याच्या खालचे सूर उचलायचे ती मर्यादा) दिला आणि वरचा भाग तसाच ठेवला. भोंग्यावरच्या अकरांना काहीच लावलं नाही.

खरखर काढायच्या बाबतीत मी हात आखडता घेतला आहे. तड्याचा किंवा टवक्याचा टक-टक आवाज, जो सेकंदाला 1.3 वेळा येतो, तो एकेक हातानं काढला. सलग सरसर तशीच ठेवली. नॉइज रिडक्शनचा एक फेरा मारून बघितला तेव्हा सारंगी गुळगुळीत झाली आणि दोन ओळींच्या मधला श्वास नाहीसा झाला. श्वास गेला की गाणं गेलं. मूळ फाइलीला तर काहीच करायचं नाही. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, जशी उतरली तशी.

7 सप्टेंबर ते 16 नोव्हेंबर, 26 बैठका, एका बैठकीत साधारण सहा बाजू. बाजू सव्वातीन मिनिटांची, पण पुसणं, वेग, दोन सुया लावून बघणं, लेबलाचा फोटो आणि नोंद धरून पंचवीस मिनिटं जातात. मूळ फाइलींना साधारण 18 जीबी जागा लागली.

नोंदीत दोन क्रमांक लिहा. लेबलावर छापलेला कॅटलॉग क्रमांक आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. लेबल फाटलं तरी दुसरा टिकतो, आणि मुद्रणाचा काळ त्यावरूनच जास्त नीट ठरतो. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स 1990 पासून हे काम करते आहे, त्यांच्या द रेकॉर्ड न्यूजच्या अंकांत अशा क्रमांकांच्या याद्या आहेत. माझ्या सत्तावीस तबकड्यांचा काळ मला तिथून लावता आला. चित्रपटगीतांच्या लेबलावर काही वेळा गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव असतं, ते नाव गायिका म्हणून लिहू नका.

शेवटचा टप्पा हक्कांचा. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. म्हणजे 2025 मध्ये 1964 पर्यंतची मुद्रणं मोकळी होती. पण काम तिथे संपत नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. नाटककारांपैकी किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, देवल 1916 मध्ये, गडकरी 1919 मध्ये, खाडिलकर 1948 मध्ये. चाल लावणाऱ्यांपैकी भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले आणि गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. ही पदं मोकळी. मास्तर कृष्णराव 1974 मध्ये गेले, त्यांच्या चाली अजून काही वर्षं मोकळ्या होणार नाहीत. भा. रा. तांबे 1941 मध्ये गेले म्हणून कविता मोकळी, पण चाल लावणारा नंतरचा असेल तर थांबायचं. प्रत्येक बाजूसाठी तीन रकाने केले: मुद्रण, शब्द, चाल. तिन्ही भरले आणि तिन्ही मोकळे निघाले अशाच 63 बाजू आर्काइव्ह डॉट ऑर्गवर चढवल्या. चाल कोणाची ते कळलं नाही अशा एकोणीस बाजू अजून घरीच आहेत.

एकूण खर्च 67,800. वर दिलेल्याखेरीज दोन हार्डडिस्क 9,600, कव्हरं, खोकी आणि आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर 4,400, धुण्याचं सामान 1,850. टर्नटेबल आधीच असेल तर आकडा बराच खाली येईल.

तबकड्या आता उभ्या, कागदी कव्हरात, वीस-वीसच्या खोक्यांत, भिंतीपासून हातभर दूर आहेत. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तिला टेकवून ठेवू नका. प्लास्टिकची कव्हरं काढून टाकली, त्यात घाम धरतो. आर्द्रता 60 टक्क्यांवर गेली की सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या आणि प्रत्येक खोक्यातली एक तबकडी काढून बुरशी बघायची. फुटलेल्या तीन तबकड्यांचे तुकडे पाकिटात घालून, वर दोन्ही क्रमांक लिहून, शेवटच्या खोक्यात ठेवले आहेत. त्यातल्या एकीची दुसरी प्रत जुन्या बाजारात शोधतोय.